गोडे पाणी

पेणमध्ये राहणाऱ्या माणसाकडे पाहुणा आला, की तो आधी गणपतीच्या कारखान्यांची चौकशी करतो. आमच्याकडे येणारा पाहुणा मात्र पुढच्या खोलीत पाऊल टाकताच थबकतो, चपला काढायच्या विसरतो आणि विचारतो, "हे काय आहे?" त्याचे बोट भिंतीलगतच्या काचेच्या पेटीकडे असते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच अशी ही पेटी. तिच्यात खारे पाणी, सच्छिद्र दगडांची एक रास, पांढरे पट्टे असलेले दोन नारिंगी मासे, आणि एका दगडाच्या बेचक्यात पाय रोवून बसलेले एक तपकिरी, बोटाबोटांचे, हलणारे काहीतरी. पाहुणा ते प्लॅस्टिकचे फूल समजतो. मी सांगतो, "फूल नव्हे, प्राणी आहे. समुद्रफूल." मग पाहुणा माझ्याकडे अशा नजरेने पाहतो, की जणू मी कादंबऱ्या लिहितो हे त्याला आत्ताच आठवले असावे.

खरे सांगायचे, तर हा उद्योग माझा नाही, आमच्या चिरंजीवांचा. २००३ साली 'फाइंडिंग निमो' नावाचा चित्रपट आला. समुद्रफुलात घर करून राहणाऱ्या नारिंगी माशाची ती गोष्ट चिरंजीवांनी लहानपणी इतक्या वेळा पाहिली, की पहिल्या कमाईतून त्यांनी सायकल नव्हे, घड्याळ नव्हे, ही पेटी घेतली. वर्षभर नुसते दगड आणि पाणी. मग मासे. आणि गेल्या फेब्रुवारीत मुंबईच्या बाजारातून पाण्याने भरलेल्या पिशवीत हे समुद्रफूल आले. त्याला मुंबईच्याही पलीकडून, कुठल्यातरी दूरच्या प्रवाळाच्या किनाऱ्यावरून आणलेले. मार्चअखेर चिरंजीवांना पुण्यात नोकरी लागली. जाताना त्यांनी मला दोन पाने भरून सूचना लिहून दिल्या आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचे सहा कॅन भरून ठेवले. "बाबा, पाणी कमी झालं की यातलं घाला. संपलं की सांगा." मी मान डोलावली. मुलांच्या सूचना ऐकून घेताना बापाने मान डोलवायची असते. ऐकायचे असतेच असे नाही.

त्याच सुमारास मी आईला रोह्याहून पेणला आणले. शिवरात्रीनंतर ती न्हाणीघरात घसरून पडली होती. हाड मोडले नव्हते, पण दोन तास ती तशीच पडून होती. शेजारच्या वहिनी ताक मागायला आल्या म्हणून कळले. पंचाहत्तरी जवळ आलेली बाई, घरात एकटी. मी तिला एका शब्दाने विचारले नाही. गाडी केली, कपड्यांच्या दोन पिशव्या भरल्या, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात दिला आणि दाराला कुलूप लावले. गाडी कुंडलिकेच्या पुलावर आली तेव्हा तिने एकदा मागे वळून पाहिले. मी म्हटले, "आई, तुझ्या भल्यासाठीच आहे." ती म्हणाली, "मी कुठं काय म्हणाले?"

समुद्रफुलाला मेंदू नसतो. अंगभर पसरलेले मज्जातंतूंचे एक जाळे असते, एवढेच. तोंड एकच, खायचे त्यातूनच आणि नको असलेले बाहेर टाकायचेही त्यातूनच. तोंडाभोवतीच्या बोटांत सूक्ष्म डंख असतात. पण त्याचा खरा पोशिंदा निराळाच. त्याच्या कातडीच्या आत एकपेशीय शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. समुद्रफुलाचा तपकिरी रंग हा त्या भाडेकरूंचा रंग. पाणी बिघडले, उष्णता वाढली, की ते नाहीसे होऊ लागतात आणि समुद्रफूल फिकट पडत पडत पांढरे होते. आपल्याला ते अधिकच सुंदर दिसते. प्रत्यक्षात ते उपाशी असते.

आमचे समुद्रफूल एप्रिलअखेर फिके पडू लागले. आधी ते आखडले. पसरले की जेवणाच्या ताटाएवढे होई, ते आता वाटीत मावेल इतके झाले. तोंड सैल उघडे राहू लागले. मग एके सकाळी ते आपल्या दगडावर नव्हतेच. समुद्रफूल पायाच्या चकतीवर सरकत सरकत जागा बदलू शकते. जागा मानवली नाही की बदलते. ते काचेवर आले होते. दुसऱ्या दिवशी मागच्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी पाणी खेचणाऱ्या पंपाच्या तोंडाशी चार बोटांवर. पंपात ओढले गेले तर त्याच्या चिंध्या झाल्या असत्या आणि पेटीतले सगळे पाणी नासले असते. मी पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला आणि पुण्याला फोन लावला.

चिरंजीव म्हणाले, "हात लावू नका. पाणी तपासा." पाण्याचे वजन मोजायचे काट्याचे एक साधन होते. समुद्राच्या पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास यायला हवी. मी रोज मोजत होतो आणि काटा रोज अगदी नेमक्या ठिकाणी येत होता. तेव्हा दोष पाण्याचा नव्हे, असा निर्णय मी दिला आणि उपचारांना लागलो. दिव्याची वेळ वाढवली, मग कमी केली. दगड हलवून आडोसा केला. उन्हाळा वाढला म्हणून पाण्यावर पंखा लावला. खात नाही म्हणून रोज कोळंबी देऊ लागलो. कादंबरीतल्या माणसांना मी हवे तिथे हलवतो, हवे तेव्हा जेवू घालतो आणि ती निमूट ऐकतात. समुद्रफूल ऐकेना. दिलेला तुकडा ते दोन तासांनी तसाच बाहेर टाकी.

आई हे सगळे खुर्चीत बसून पाहत असे. स्वतः ती जेमतेम जेवत होती. एका दुपारी तिने माझ्या हातून वाटी घेतली. "एवढा मोठा तुकडा? आजाऱ्याला कुणी असं वाढतं का?" तिने कोळंबी पुन्हा सोलली, मधला काळा धागा काढला, आणि तिखटमीठ लावायच्या सवयीने पुढे गेलेला हात आवरून तिने तिचे तांदळाएवढे तुकडे केले. "आणि रोज कशाला? पचू दे की. आठवड्यातून दोनदा पुरे." मी लांब चिमट्याने एक तुकडा बोटांवर ठेवला. बोटे सावकाश वळली, आणि तुकडा तोंडाशी गेला. आई तासभर तिथेच थांबली. तुकडा बाहेर आला नाही. त्या दिवशी तिने रात्री अर्धी भाकरी जास्त खाल्ली, असे सौ.चे म्हणणे.

मी आईला एडिंबरोच्या समुद्रफुलाची हकिगत सांगितली. सर जॉन डॅलियेल नावाच्या स्कॉटलंडमधल्या एका गृहस्थाने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक साधे समुद्रफूल उचलून काचेच्या बरणीत ठेवले. तेव्हा पंप नव्हते, विजेचे दिवे नव्हते. बरणीतले पाणी बदलायचे आणि अधूनमधून शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा घालायचा, एवढीच व्यवस्था. त्या समुद्रफुलाला शेकडो पिले झाली. १८५१ साली डॅलियेल वारले, पण समुद्रफूल राहिले. ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे गेले आणि १८८७ पर्यंत जगले. पकडल्यापासून एकोणसाठ वर्षे. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणत, म्हणजे आजी. तिच्या जाण्याची बातमी वर्तमानपत्रातही आली.

मला वाटले होते, आईला गंमत वाटेल. ती म्हणाली, "एकोणसाठ वर्षं बरणीत! लोकांनी माया केली असेल, नाही असं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण तिला विचारलं कुणी?"

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी नेहमीप्रमाणे सकाळी बादलीत मीठ कालवत होतो. हे मीठ बाजारातले खायचे मीठ नव्हे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत खायचे मीठ पुष्कळ असले तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे इतरही असतात. मिठागरात पाणी आटते तेव्हा आधी चुना आणि जिप्सम खाली बसते, मग मिठाचे दाणे धरतात, आणि मॅग्नेशियमचे कडवट पाणी मागे उरते ते सोडून देतात. म्हणून मीठ पाण्यात विरघळवले की समुद्र तयार होत नाही. त्यासाठी सगळे क्षार मोजून घातलेले निराळे मीठ मिळते, ते चिरंजीवांनी पोते भरून ठेवले होते. त्यांचे सहा कॅन एप्रिलच्या मध्यावर संपले, तसा मी स्वतः पाणी तयार करू लागलो. रोज पेटीची पातळी दोनेक लिटरने उतरे. रोज मी दोनेक लिटर खारे पाणी करी, काट्याने मोजी आणि ओती.

आई दारात उभी होती. म्हणाली, "रोज मीठ कशाला घालतोस?"

"समुद्राचं पाणी आहे ना आई. कमी झालं की भरायला नको?"

"कमी काय झालं? पाणी उडालं. मीठ कुठं उडालं?"

मी बादलीत हात तसाच ठेवून तिच्याकडे पाहत राहिलो.

"मिठागरांच्या गावात राहतोस," ती म्हणाली, "आणि पाणी उडतं, मीठ राहतं, हे मी सांगायचं?"

दरवर्षी चौथीच्या वर्गात मी फळ्यावर सूर्य काढतो, समुद्र काढतो, वर जाणारे बाण काढतो आणि बाष्पीभवन शिकवतो. पेण तालुक्यात एके काळी मिठागरे पुष्कळ होती. आता फार थोडी उरली. पण लहानपणी रोह्याहून येताना रस्त्याकडेला पांढरे ढीग मोजत आलेला मी. मी काटा उचलला आणि पहिल्यांदाच बादलीऐवजी पेटीतले पाणी मोजले. काटा १.०३० वर गेला. इतके दिवस मी दररोज नेमकेपणाने मोजत होतो ते मी स्वतः केलेले पाणी. ज्या पाण्यात त्या जिवाला राहायचे होते, ते मोजलेच नव्हते. पंधरा दिवसांत मी पेटीत किलोभर जास्तीचे मीठ ओतले होते, आणि वरून पंखा लावून पाणी उडण्याचा वेग वाढवला होता. चिरंजीवांना फोन केला. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "बाबा, त्या कॅनमध्ये गोडं पाणी होतं. गाळून शुद्ध केलेलं. मी लिहून दिलं होतं." दुसऱ्या पानावर तिसरी ओळ. होती खरी.

एकदम पाणी बदलायचे नसते, तोही धक्काच. पुढचे दहा दिवस पेटीतले थोडे थोडे खारे पाणी काढायचे आणि तेवढेच गोडे घालायचे, असा क्रम चालला. काटा केसाकेसाने खाली आला. समुद्रफूल फिरायचे थांबले. ते पंपापासून दूर, खिडकीकडच्या दगडाच्या एका चिरेत गेले आणि तिथे पाय रोवून बसले. मी निवडलेल्या जागेपासून ते पार दुसऱ्या टोकाला होते.

जूनच्या आरंभी वादळी पाऊस आला आणि रात्री दहाला वीज गेली. पंप थांबला. पाणी हलेनासे झाले की त्यातला प्राणवायू कमी होतो. पेटीतल्या सगळ्यांचा जीव त्यावर. बॅटरीवरचा छोटा पंप लावला, तो तासाभरात बंद पडला. आई उठून आली. म्हणाली, "तांब्या आण." पेटीतले पाणी तांब्याने घ्यायचे आणि वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत सोडायचे, पाणी फुटते, हवा मिसळते. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही आळीपाळीने तांब्या घेतला. बाहेर पाऊस, आत पाण्याची धार.

"याला कोर्लईला नेऊन सोडलं तर?" तिने विचारले. "तिथं खडकांत अशी असतात. ओहोटीला दिसतात."

"ती आपल्या किनाऱ्यावरची. हे इथलं नाही. इथं टिकायचं नाही, आणि याच्याबरोबर काही रोग गेला तर तिथल्यांनाही बाधेल. याला आता कुठं सोडता येत नाही."

"म्हणजे याला परतीची वाट नाही."

"नाही."

"मग आपणच जपायला हवं," ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला.

तिचे वाक्य तिथे संपले. पण त्याचा उरलेला अर्धा भाग मला त्या अंधारात स्वच्छ ऐकू आला. गेले दोन महिने ती कुठे कुठे झोपत होती, ते एकेक आठवू लागले. पहिल्या आठवड्यात मधल्या खोलीत. मग देवांपाशी. मग गॅलरीच्या दारात, "वारा लागतो" म्हणून. मग पुढच्या खोलीत, या पेटीसमोर. मला वाटे, म्हाताऱ्या माणसाची लहर. आणि मी काय करत होतो? एकटीने जिना उतरायचा नाही, हे पहिल्या दिवशी. गॅस पेटवायचा नाही, हे दुसऱ्या दिवशी. गार पाण्याने हातपाय धुवायचे नाहीत. भाजी आणायला जायचे नाही. दुपारी दार उघडायचे नाही. प्रत्येक गोष्ट मोजून, तोलून, तिच्या भल्याची. रोज दोन लिटर. तिच्या दिवसातून उडून जात होते ते शेजारणीचे बोलणे, नदीवरचा वारा, स्वतःच्या हातची भाकरी. आणि त्याच्या जागी मी काळजी ओतत होतो. बादलीतली काळजी अगदी नेमकी होती. पेटीतले पाणी मी मोजले नव्हते.

पहाटे साडेतीनला वीज आली. पंप सुरू झाला. आई म्हणाली, "झोप आता. सकाळी शाळा आहे तुला."

मी लगेच काही केले असे नाही. मुलगा म्हणून माझी भीती खरी होती, आजही आहे. न्हाणीघरातले ते दोन तास मी विसरू शकत नाही. पण ऑगस्टमध्ये मी रोह्याला गेलो, गवंडी बोलावला, न्हाणीची गुळगुळीत फरशी काढून खरखरीत बसवली, भिंतीला धरायला दांड्या लावल्या. शेजारच्या वहिनींकडे एक किल्ली दिली. सकाळ-संध्याकाळ त्या डोकावतील असे ठरले. गणपतीत सगळे पेण ट्रक आणि मूर्तींनी गजबजले होते, तेव्हा आई एकदा म्हणाली, "दसऱ्याच्या सुमारास तिकडे धावीर महाराजांची पालखी निघेल. दारावरून जाते." पोलिसांची मानवंदना घेऊन निघणारी ती पालखी सगळ्या गावातून फिरते, तेव्हा आमच्या दारात रांगोळी घालण्याचे काम लग्न होऊन आल्यापासून आईचे. मी म्हटले, "तुला नवरात्रात सोडतो." तिने माझ्याकडे पाहिले, आणि त्या दिवसापासून तिच्या पिशव्या हळूहळू भरू लागल्या.

आता दर शनिवारी शाळा सुटली की मी पेण स्टेशनवर रोह्याची गाडी पकडतो. कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. गाडी पोहोचेपर्यंत माझ्या पोटात खड्डा असतो. दार उघडे दिसले आणि आतून चुलीपाशी काही ठेवल्या-उचलल्याचा आवाज आला, की तो बुजतो. रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसलो की पुन्हा पडतो. हे असेच चालायचे. ती एखादे दिवशी पुन्हा पडणार नाही, असे वचन मला कुणी दिलेले नाही. फरक इतकाच, की ही काळजी आता मी तिच्या अंगावर ओतत नाही. ती बरोबर घेऊन जातो आणि बरोबर घेऊन येतो.

समुद्रफूल अजून लहानच आहे, पण त्याचा पांढरेपणा गेला. बुडापासून वर एक मळकट तपकिरी छटा चढली आहे. शेवाळ परत राहायला आले. सप्टेंबरात एका माशाने भीत भीत त्याच्या बोटांत अंग घातले आणि तो तिथेच झोपला. चिरंजीव दिवाळीला येतील तेव्हा काय म्हणतील, याची मला थोडी धाकधूक आहे.

गेल्या शनिवारी मी दारात चप्पल काढतो आहे तोच आईने विचारले, "खाल्लं का त्यानं?" मी म्हटले, "खाल्लं." "टाकलं नाही ना?" "नाही." मग तिने मला चहा विचारला. रविवारी निघताना तिने हातात एक डबा दिला. वर बर्फ, खाली केळीच्या पानाच्या चार लहान पुड्या. रोह्याच्या बाजारातली ताजी कोळंबी, सोललेली, काळा धागा काढलेली, तांदळाएवढी चिरलेली; एका पुडीत एका वेळेपुरती. वर सूचना होतीच : "दोन आठवड्यांची आहे. रोज घालू नकोस."